मागची पडवी आणि माझी सही

वडील जाऊन दोन महिने झाले होते तेव्हा चुलतभावाने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. सोबत लिहिलं होतं, "वेळ मिळेल तेव्हा बघ गं, घाई नाही." आणि दुसऱ्याच मिनिटाला, "पण या आठवड्यात झालं तर बरं."

फाइलमध्ये कुलमुखत्यारपत्राचा मसुदा होता. आई आणि मी मस्कतला. गावी जाऊन सही करणं शक्य नाही, म्हणून आमच्या वतीने सही करण्याचा अधिकार तिथल्या कोणाला तरी द्यायचा. दादाने, म्हणजे चुलतभावाने, आपल्या मेव्हण्याचं नाव घालूनच मसुदा पाठवला होता. सही करायची होती दादाच्या नावे हक्कसोडपत्रावर.

कोकणातलं ते घर आणि त्यामागची आंबा-काजूची बाग आजोबांची. ते मृत्युपत्र न करता गेले. तीन मुलं, म्हणून तीन वाटे. मोठ्या काकांचा वाटा काकांनंतर दादाकडे आला. माझ्या वडिलांचा वाटा आता आईचा आणि माझा. तिसरा वाटा आत्याचा.

आत्या लग्नानंतर तीन वर्षांत परत आली ती पुन्हा गेली नाही. का, ते तिने सांगितलं नाही आणि विचारण्याची पद्धत नव्हती. तेव्हापासून ती घराच्या मागच्या पडवीत राहते. एक खोली, एक चूल, दारातून विहिरीकडे जाणारी वाट. कोकमं वाळवते, त्यांच्या रसाचं आगळ करून विकते, कोणाकडे काही मागत नाही. दादा पुढच्या भागात राहतो. पडवीला वेगळं कुलूप आहे, पण पडवी वेगळी तिच्या नावावर नाही. तिच्या नावावर आहे सगळ्यातला तिसरा हिस्सा, आणि सातबाऱ्यावर ते नाव आहे म्हणूनच ते घर कोणी अख्खं विकू शकत नव्हतं.

आमच्याकडे बहिणीने भावांना हक्क सोडून द्यायचा असतो. सगळ्या देतात. बदल्यात साडी मिळते, आणि माहेरचं दार उघडं राहील असा शब्द मिळतो. हक्क सोडल्याचा कागद नोंदणी कार्यालयात होतो, शब्दाचा कुठेच होत नाही. आत्याने तीसेक वर्षं सही दिली नव्हती. काकांनी मागितली, काकूंनी मागितली, नंतर दादाने. तिचं उत्तर एकच, "बघूया पुढच्या वर्षाक." गावात तिला भागीदारीण म्हणायचे. नळावर गेली की बायका वाट देत म्हणायच्या, "सरा गो, भागीदारीण इली." माझ्या वडिलांनी मात्र तिच्याकडे कधीही सही मागितली नाही. का नाही मागितली, हे मी त्यांना विचारायला हवं होतं.

मला विचारायची सवय नव्हती, सांगायची होती. वडील तरुणपणी चळवळीच्या सभांना जायचे, आणि त्या सभांमधून आणलेल्या पुस्तिका त्यांनी मस्कतपर्यंत आणल्या. वीस-बावीस पानांच्या, टाचण्या गंजलेल्या. वादी अदाईच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पुस्तिका जास्त होत्या. शाळेत सगळ्या मुली आपापसांत इंग्रजी बोलत, मी मराठी शिकले ती त्या पुस्तिकांतून, म्हणून माझं मराठी बरीच वर्षं भाषण केल्यासारखं होतं. कॉलेजात मी स्वतःही लिहू लागले. त्यातली एक पुस्तिका वारशावर होती. जे आपण कमावलं नाही ते आपलं नाही, असं मी त्यात ठणकावून लिहिलं होतं. जन्माने जात मिळणं चूक असेल तर जन्माने जमीन मिळणंही चूक, असंही. आजही यातलं एकही वाक्य मला खोटं वाटत नाही. मला त्रास होतो तो त्याचाच.

मसुदा वाचून मी आईला म्हटलं, "करून टाकू."

आई भाजी निवडत होती. "तुझ्या बाबांनी त्या घराचं छप्पर दोनदा नवं घातलं, स्वतःची सुट्टी घालवून. आणि तू एका सहीत सोडतेस?"

"मग धरून काय करायचं? आपण राहणार आहोत का तिथे?"

"राहायचंच असतं असं नाही. नाव असायचं असतं."

"आई, हे सरंजामी बोलणं झालं."

"झालं का? बरं." आई पुढे म्हणाली, "आणि तिचं काय? मागच्या पडवीतल्या बाईचं?"

मी त्याच वेळी दादाला फोन लावला, आईसमोर, स्पीकरवर. तो म्हणाला, "आत्याचं तिचं आहेच गं. तिच्या नावाला मी हात तरी लावतोय का?" मी आईकडे पाहिलं, जिंकल्यासारखं. आई परत भाजीकडे वळली. तिने सही केली ती माझ्यासाठी, दादासाठी नाही.

दूतावासाच्या कागदपत्रांची कामं जिथे होतात त्या केंद्रात दोन साक्षीदार लागतात. वडिलांबरोबर एसी दुरुस्तीच्या खात्यात पंचवीस वर्षं काढलेले दोन काका आले. त्यातले एक आमच्याच बाजूचे, अंगाने आडवे, आवाजाने त्याहून आडवे. मी फोटो चिकटवत होते, तेव्हा म्हणाले, "यल्ला, कर सही, खलास! माझ्या बहिणीला जरा शिकव हे. चार वर्षं झाली, दर गणपतीला म्हणते, पुढच्या गणपतीला करते."

मला राग आला. "काका, तुमच्या बहिणीला सांगा, मुळीच करू नको."

"अरे वा! मग तू का करतेस?"

"माझं कारण वेगळं आहे. मी तत्त्व म्हणून सोडतेय. रीत म्हणून नाही."

ते हसले. "कागद तर एकच हा गो."

खिडकीतल्या माणसाने शिक्का मारला. बाहेर ऊन असं होतं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता, आणि मी वर्षानुवर्षांचं एखादं ओझं उतरवल्यासारखी चालत होते. घरी पोचेपर्यंत दादाचा मेसेज आला होता. "बहीण असावी तर अशी. तुझ्यासाठी आणि काकीसाठी साडी घेतलीय, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो."

साडी हा शब्द मी पुन्हा वाचला. रीत मोडायला म्हणून गेले होते, आणि रीत माझ्याकडून अगदी यथासांग पार पडली होती. पण कागद केंद्रातूनच कुरिअरने गावाकडे गेले होते.

मी मस्कतमधल्या रुवी भागात एका छोट्या ऑफिसात काम करते. बाहेरच्या देशांतल्या संस्थांचे जुने हस्तलिखित कागद स्कॅन होऊन आमच्याकडे येतात. यंत्राने वाचलेला मजकूर एका बाजूला, मूळ पान दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या चुका आम्ही दुरुस्त करायच्या. त्या आठवड्यात इंग्लंडमधल्या एका परगण्याची चार शतकांपूर्वीची मृत्युपत्रं आली होती. माझ्या वाट्याला एक योमन आला. योमन म्हणजे स्वतःची जमीन स्वतः कसणारा शेतकरी. सरदार नाही आणि मजूरही नाही, गावात चार माणसं ज्याला विचारतात असा.

पहिल्या चार ओळींत त्याने आत्मा देवाला दिला, शरीर मातीला दिलं, आणि मग लगेच कामाला लागला. थोरल्या मुलाला घर आणि नांगरटीची जमीन. धाकट्याला ओढ्याकाठचं कुरण आणि बैलांची जोडी. मुलींना जमीन नाही, लग्नात द्यायची रक्कम आणि प्रत्येकी एक पितळी भांडं. भाच्याला त्याचा दुसऱ्या क्रमांकाचा चांगला कोट. मी दातओठ खात दुरुस्त्या करत होते. मुलींना भांडी! चारशे वर्षांत आणि चार हजार मैलांत काही म्हणून बदललेलं नाही, अशी एक पुस्तिका डोक्यात तयारही होत होती.

मग बायकोचं कलम आलं. ते मुलांच्या सगळ्या कलमांपेक्षा लांब होतं.

ती जिवंत असेपर्यंत स्वयंपाकघरावरची खोली तिची. खालच्या चुलीशी बसायची जागा तिची. सरपण थोरल्याने फोडायचं, आणि नुसतं फोडायचं नाही, तिच्या दारापर्यंत आणून द्यायचं. विहिरीकडे जायची-यायची वाट तिला कायम मोकळी. परसातल्या सफरचंदाच्या दोन झाडांची फळं तिची, आणि ती दोन झाडं कोणती तेही लिहिलेलं. थोरल्याने तिला अडवलं किंवा छळलं, तर अमुक शेत त्याच्याकडून काढून धाकट्याला द्यायचं.

मी हात थांबवून ते पुन्हा वाचलं. हा माणूस समतावादी नव्हता. त्याने बायकोला मालकी दिली नव्हती, आणि मुलींना भांड्यावर वाटेला लावलं होतं. पण मरताना त्याने डोळ्यांसमोर आणलं होतं की आपण नसताना एखाद्या थंडीच्या सकाळी ही बाई खाली उतरेल आणि चुलीजवळची जागा कोणीतरी घेतलेली असेल. थोरला प्रेमाने वागेल अशी आशा त्याला असेलही, पण कागदात त्याने ती धरली नव्हती. त्याला आपला मुलगा ठाऊक होता.

आणि मी? मी दादाला फोनवर एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं एक वाक्य खरं मानलं होतं. आत्याचं नाव राहील, ठीक. पण आतापर्यंत त्या कागदावर तिच्याबरोबर आम्ही होतो. आता तिथे ती होती आणि तो होता, एका भिंतीच्या दोन बाजूंना.

आमचा अर्बाब, ऑफिसचा मालक, ओमानी, खाबुरा गावाकडचा. साठीचा माणूस, हिंदी आमच्याइतकीच सराईत. माझ्या पडद्याकडे वाकून म्हणाला, "क्या हुआ? ये अंग्रेज तुम्हारा रिश्तेदार था?"

मी त्याला ते कलम वाचून दाखवलं. त्याने मान डोलावली. "खाबुरा में मेरी बहन के नौ पेड़ हैं खजूर के. हर साल कोई चचेरा भाई भूल जाता है. हर साल मैं कागज लेकर जाता हूँ."

"और कागज नहीं होता तो?"

"तो सब भूल जाते," तो म्हणाला. "मैं भी."

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून मी दादाला फोन केला.

"दादा, आत्याची पडवी राहणार ना?"

"अगं, पडवी म्हणजे काय राजवाडा आहे? नवीन बांधताना बघू."

"नवीन काय बांधतोयस?"

तिकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. "तसं नक्की काही नाही. एक पार्टी येऊन बघून गेली. होम-स्टे वगैरे."

"मग तिची खोली आणि विहिरीची वाट कुठे असेल ते लिहून दे. एक पानाचा कागद. मसुदा मी पाठवते."

"घरच्या माणसाला लिहून द्यायचं? तिकडे राहून अगदी फॉरेनर झालीस."

"तूही माझ्याकडून लिहूनच घेतलंस."

"ते सरकारला लागतं गं," तो समजुतीने म्हणाला. "आपल्याला थोडंच लागतं?"

मी तरीही मसुदा पाठवला. योमनच्या कलमावरून केला होता, सफरचंदाच्या जागी कोकमाची दोन झाडं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाकडून गुलाबांचं चित्र आलं, शुभ सकाळ लिहिलेलं.

मी रजा टाकून केंद्रात गेले. दिलेला अधिकार काढून घेता येतो का, विचारलं. खिडकीतला माणूस म्हणाला, येतो, फॉर्म भरा, पण ज्याला दिला त्याने तो आधीच वापरला असेल तर उपयोग नाही. मी फॉर्म भरत होते तेव्हाच फोन वाजला. दादाने फोटो पाठवला होता. नोंदलेल्या हक्कसोडपत्राचं पहिलं पान, त्यावर आईचा आणि माझा फोटो, माझ्या कपाळावर अर्धा शिक्का. "झालं एकदाचं. थँक्यू!" फोटोत मी हसत होते. पासपोर्टसाठी काढलेल्या फोटोत हसू नका म्हणतात, हा त्यासाठी काढलेला नव्हता.

आता आत्याला सावध करायचं राहिलं होतं. तिच्याकडे मोबाइल नाही, म्हणून तिच्याशी बोलायचं तर शेजारच्या सुनेच्या मोबाइलवर. केंद्राच्या पायऱ्यांवरूनच मी त्या सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "आत्या घरात नाहीत ताई. सकाळीच दादांबरोबर तालुक्याला गेल्या. नवं लुगडं नेसून गेल्या."

"तालुक्याला कशाला?"

"काय माहीत. दादांनी गाडी काढली होती."

दादाच्या गाडीत आत्या कधी बसल्याचं मला आठवत नव्हतं. मी सुनेला निरोप दिला, आत्या आल्या की लगेच फोन करायला सांग, आणि कशावरही सही करू नको म्हणावं. संध्याकाळी फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिकडे लाईट गेली असेल, आई म्हणाली. मी दादाला लावला, तो उचलत नव्हता. त्या दोन दिवसांत आईने मला एकदाही "सांगितलं होतं" असं म्हटलं नाही, आणि ते म्हणाली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही मवालेहच्या भाजीबाजारात होतो. आई टोमॅटोचं खोकं उलथून खालचे बघत होती. फोन वाजला, व्हिडिओवर. आत्या. मी गाडीत जाऊन बसले.

"काय गो, ऊन किती तुमच्याकडे! डोळे मिटून बोलतस."

"आत्या, तालुक्याला कशाला गेली होतीस?"

"दादान गाडयेतून नेल्यान. पुढच्या सीटीर बसयल्यान माका!" तिला हसू आवरत नव्हतं. "हाटेलात वडे खाल्लंय. आणि सरबत दिल्यानी कोकमाचा, कसला गो सरबत, नुसता पाणी. मी त्यांका सांगून इलंय, माझ्याकडसून आगळ नेवा म्हणान."

"आत्या, सही केलीस का कशावर?"

"केलंय मा. तुम्ही केल्यात तीच. साहेब बरो होतो. विचारल्यान, आजी, खुशीन करतास मा? मी म्हटलंय, होय तर."

माझ्या निरोपाचं विचारलं. निरोप तिला मिळाला होता, परत आल्यावर.

"तीस वर्षं नाही केलीस. मग आता का केलीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मी सोप्या गोष्टीचं अवघड करतेय. "तू केलंस म्हणान," ती म्हणाली. "दादान तुझो कागद दाखवल्यान. तुझो फोटो होतो त्याच्यार. शिकलेला चेडू, सगळ्या बायकांका हक्क सांगणारा. तुया सोडलंस, म्हणजे मी धरून बसलंय त्याच्यातच काय तरी वायट आसतला. माकाच लाज वाटली गो."

आई पिशव्या घेऊन गाडीपाशी आली होती. तिने दार उघडलं नाही, काचेबाहेर उभी राहिली.

मी आत्याला सगळं सांगितलं. आता घर विकायला तिची सही लागणार नाही. पडवी तिची आहे असं कुठल्याच कागदावर नाही. दादाकडे मी लिहून मागितलं होतं आणि त्याने दिलेलं नाही. मी हळू बोलत होते, लहान वाक्यांत, आणि प्रत्येक वाक्यानंतर ती थोडी मान हलवत होती, पोर शाळेत काय शिकलं ते ऐकावं तशी.

मग ती म्हणाली, "म्हणान काल ती माणसां मापूक इल्ली."

"कोण माणसं?"

"चार जण. फीत लावन पडवी मापल्यानी. मी त्यांका म्हटलंय, चुलीकडसून नीट मापा, थय भिंत वाकडी हा." मग म्हणाली, "फीत मीच धरलंय एका बाजून."

फोन तिच्या हातात थोडा कलला आणि मला पडवीचे वासे दिसले. शेजारची सून मागे काहीतरी बोलत होती.

"आत्या, तू तिथून हलू नकोस. कोणी सांगितलं तरी खोली सोडू नकोस. मी येते. पुढच्या आठवड्यात सुट्टी काढून येते."

तिने फोन सरळ केला. मग तिने विचारलं, आणि त्यात टोचून बोलणं अजिबात नव्हतं, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"तू येवन करतलंस काय, बाय? तुझा तरी हय आता काय रवला?"